आपलाच संघ हरावा म्हणून

आपलाच संघ हरावा असं वाटणं ऐकायला विचित्र आहे, पण अमेरिकन फुटबॉलमध्ये त्यामागे सरळ व्यवहार आहे. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. दर वसंतात कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो आणि आदल्या हंगामात जो तळाला, त्याला सगळ्यांत आधी निवड करता येते. आयपीएलसारखा लिलाव नाही, त्यामुळे पैसा ओतून चांगला पोरगा उचलता येत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, म्हणून तिथल्या चाहत्याला पराभवाची स्वप्नं परवडत नाहीत. इथे तळ गाठणाऱ्याला बक्षीस मिळतं.

न्यू जर्सीत आलो तेव्हा मी न्यूयॉर्क जेट्सचा झालो. नाव न्यूयॉर्कचं, मैदान आमच्याकडे ईस्ट रदरफर्डला. त्याच मैदानावर जायंट्सही खेळतात, आणि त्यांच्या नावावर चार सुपर बोल, म्हणजे अंतिम सामन्यातले विजय, आहेत. जेट्सच्या नावावर एक, तोही जानेवारी १९६९चा. ऑफिसात शेजारी बसणारा जेट्सवाला निघाला, एवढ्या भांडवलावर मी ही निष्ठा पत्करली. सासर निवडतानाही माणूस जास्त चौकशी करतो.

२०२०च्या हंगामात जेट्स पहिले तेरा सामने ओळीने हरले. त्या हंगामानंतर क्लेम्सन कॉलेजचा ट्रेव्हर लॉरेन्स ड्राफ्टला येणार होता. अँड्र्यू लकनंतर असा क्वार्टरबॅक (पास देऊन आक्रमण चालवणारा खेळाडू) आलाच नाही, असं जाणकार सांगत होते. कोविडमुळे जेट्सचं मेटलाइफ स्टेडियम वर्षभर प्रेक्षकांविना होतं, सगळे घरात, आणि आमच्या इथल्या मराठी मित्रांचा फोनवरचा गप्पांचा अड्डा रविवारी दुपारी पेटायचा. प्रत्येक पराभवावर तिथे टाळ्या पडत. मीही त्यात होतो, आणि खरं सांगायचं तर मजा येत होती. वर्षानुवर्षं हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला पहिल्यांदाच वाटत होतं की आपल्या मनासारखं होतंय.

६ डिसेंबरला रेडर्सविरुद्ध जेट्स २८-२४ असे पुढे होते आणि तेरा सेकंद उरले होते. अशा वेळी बचावाची माणसं मागे ठेवायची आणि लांबचा पास अडवायचा, एवढं कुणालाही कळतं. बचावाचे प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांनी बहुतेक माणसं पुढे क्वार्टरबॅकवर सोडली. रेडर्सच्या डेरेक कारने ४६ यार्डांचा पास हेन्री रग्जला दिला, टचडाउन झाला आणि सामना ३१-२८ असा गेला. दुसऱ्या दिवशी विल्यम्स यांची नोकरी गेली. आमच्या अड्ड्यावर मात्र, “वाचलो रे बाबा, जिंकलोच होतो.”

मुलीने विचारलं, “बाबा, आपण हरलो ना? मग तू हसतोस का?” मी तिला ड्राफ्टचा नियम समजावला. तिला तो लगेच कळला. पुढच्या रविवारी सिॲटलविरुद्धचा सामना बघायला ती आलीच नाही. हरायचंच असेल तर बघायचं कशाला, असं तिचं म्हणणं. जेट्स ४०-३ असे हरले, म्हणजे माझ्या मनासारखं झालं आणि सोफ्यावर मी एकटा होतो. अनुभवाचे बोल म्हणून काही सांगायचं तर इथूनच सांगेन. पराभवाची इच्छा धरल्यावर पहिल्यांदा काय जातं, तर सामना बघण्याचं कारण. चाहत्याला पगार नाही, बोनस नाही. त्याच्या पदरात रविवारचे तीन तास असतात, आणि कुणाचं तरी भविष्य घडावं म्हणून तो ते देऊन टाकतो. ते कुणीतरी अजून कॉलेजात असतं.

मग २० डिसेंबर आला. लॉस एंजेलिसमध्ये जेट्सनी रॅम्सना २३-२० असं हरवलं. रॅम्स तेव्हा चार सामने हरून नऊ जिंकलेला तगडा संघ होता, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फ्रँक गोर नावाचा, चेंडू घेऊन धावणारा ३७ वर्षांचा खेळाडू जेट्सकडे होता, त्याने टचडाउनही केला. हा बहुधा आपला शेवटचा हंगाम असेल आणि तो एकही विजय न मिळवता संपू नये, असं तो आधीपासून सांगत होता. तिकडे मैदानावर माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती आणि इकडे आमच्या अड्ड्यावर सुतक.

खेळाडू हरायला उतरत नाही, हे चाहत्यांनी पक्कं समजून घ्यावं. या लीगमधले बरेचसे करार पूर्ण हमीचे नसतात, संघ माणसाला मध्येच मोकळं करू शकतो. डिसेंबरातला प्रत्येक सामना चित्रित होतो आणि तेच चित्रण पाहून दुसरा संघ त्याला बोलावतो. शिवाय येणारा पहिल्या नंबरचा हिरो कुणाची तरी जागा घेणार असतो. ज्याची जागा जायची, त्याने त्या हिरोसाठी हरावं अशी आपली अपेक्षा! मालक आणि व्यवस्थापक संघ मुद्दाम कमकुवत ठेवू शकतात, ते होतंही. पण चेंडू हातात असलेला माणूस तुमच्या हिशेबात कधीच सामील नसतो.

त्या विजयानंतर जेट्स आणि जॅक्सनव्हिल जॅग्वार्स दोघांचाही एकेक विजय झाला. बरोबरी असली की ज्याचे प्रतिस्पर्धी एकंदर दुबळे होते त्याला आधी निवड मिळते, आणि ते जॅक्सनव्हिलच्या बाजूने होतं. पुढच्या आठवड्यात जेट्सनी क्लीव्हलंडलाही २३-१६ हरवलं आणि विषय संपला. लॉरेन्स जॅक्सनव्हिलला गेला. जेट्सनी दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सनला घेतलं.

पुढे जे घडलं ते मी पराभवासाठी नवस करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. २०२१च्या त्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. लॉरेन्स सोडून उरलेल्या चौघांना, विल्सनसकट, त्यांच्या संघांनी तीन वर्षांच्या आत दुसरीकडे धाडलं. आणि लॉरेन्स? पहिल्या वर्षी त्याचा संघ १७ पैकी ३ सामने जिंकला, प्रशिक्षक अर्बन मायर यांना हंगाम संपायच्या आतच काढावं लागलं. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक बदलला, आणि त्याच पोराने चार्जर्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये २७-० अशी पिछाडी भरून काढून ३१-३० असा सामना जिंकला. २०२०मध्ये आमच्याकडे खेळणारा सॅम डार्नल्ड, ज्याच्या जागी लॉरेन्स यावा म्हणून आम्ही देव पाण्यात ठेवले होते, तोही २०१८ साली तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला हिराच होता. जेट्सनी त्याला घालवलं. २०२४मध्ये त्याच डार्नल्डच्या जोरावर मिनेसोटा व्हायकिंग्जनी १४ सामने जिंकले.

तेव्हा पराभव मागण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. पहिली निवड मिळाली तर ती करणार कोण? ज्यांनी संघ या अवस्थेला आणला तीच माणसं खुर्चीवर राहणार असतील, तर तुम्ही त्यांच्या हाती आणखी एक पोरगा बिघडवायला देताय. खुर्च्या बदलणार असतील तर हिशेबात थोडा तरी अर्थ उरतो. आमच्या बाबतीत मुख्य प्रशिक्षक गेले, पण निवड करणारे व्यवस्थापक तेच राहिले.

अर्थ उरतो म्हणालो, कारण दुसरी बाजू खोटी नाही. २०११मध्ये पेटन मॅनिंग मानेच्या दुखण्याने बाहेर बसला आणि इंडियानापोलिस कोल्ट्स २-१४ (दोन विजय, चौदा पराभव) असे संपले. त्यातून त्यांना अँड्र्यू लक मिळाला आणि पहिली तीनही वर्षं ते प्लेऑफमध्ये होते. (लक मार खाऊन खाऊन २०१९मध्ये, अवघ्या २९व्या वर्षी, निवृत्त झाला; त्याच्यापुढे भिंत उभी करायला कोल्ट्सनी फार उशीर केला, असं माझं मत.) सिनसिनाटी २०१९मध्ये २-१४ होतं, क्वार्टरबॅक जो बरो आला आणि दोन हंगामांत ते सुपर बोलला पोचले. बक्षीस खरं आहे. पण ते हमखास आहे असं समजू नका. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलावहिला क्रमांक १९३६मध्ये जे बरवँगरला मिळाला आणि तो या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. उलट, सर्वांत थोर क्वार्टरबॅक मानला जाणारा टॉम ब्रेडी त्याच्या ड्राफ्टमध्ये १९९वा होता.

ह्यूस्टनची गोष्ट तर मला तोंडपाठ आहे. जानेवारी २०२३मध्ये शेवटच्या सामन्यात हरले असते तर पहिली निवड त्यांची होती. त्यांनी चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, २० यार्ड हवे असताना टचडाउन केला, वर दोन गुणांचा डावही साधला आणि इंडियानापोलिसला ३२-३१ असं हरवलं. चाहत्यांनी डोकं धरलं. प्रशिक्षक लव्ही स्मिथ यांची त्याच रात्री गच्छंती झाली. पहिली निवड शिकागोकडे, तिथून सौदा होऊन कॅरोलायनाकडे गेली. कॅरोलायनाने ब्राइस यंगला घेतलं आणि पुढचा हंगाम २-१५ असा काढला. ह्यूस्टनला दुसऱ्या क्रमांकावर सी. जे. स्ट्राउड मिळाला, तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि संघाने गटविजेतेपद मिळवलं. तो सामना हरावा म्हणून ज्यांनी प्रार्थना केली, त्यांची देवाने ऐकली नाही हे बरं झालं.

बास्केटबॉलवाल्यांनी तर या भानगडीत पडूच नये. एनबीएमध्ये २०१९पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची सारखीच, १४ टक्के संधी देऊन सोडत काढायला लागले. अगदी शेवटचं होण्यात तिथे फारसं काही उरलं नाही.

मी आता काय करतो ते सांगतो. संघ प्लेऑफमधून गणिताने बाहेर पडेपर्यंत ड्राफ्टचं नाव काढत नाही. त्यानंतरही टीव्हीसमोर बसताना जिंकावं म्हणूनच बसतो. हरलोच तर सोमवारी सकाळी चहाबरोबर क्रमवारी बघतो आणि जे काही समाधान मिळेल ते घेतो. आधी मागायचं नाही, मिळालं तर नाकारायचं नाही. कुणाला दुखापत व्हावी असं गमतीतही बोलायचं नाही. फोनवरच्या अड्ड्यावर हे सहज सुरू होतं आणि मग थांबत नाही.

वाईट हंगामात बघायला एक माणूस निवडावा. २०२०च्या त्या जेट्समध्ये क्विनन विल्यम्स नावाचा दुसऱ्या वर्षाचा बचावपटू सात सॅक करून गेला, म्हणजे क्वार्टरबॅकला पास द्यायच्या आत लोळवून गेला; दोन वर्षांनी तो ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या सर्वोत्तमांपैकी एक, ठरला. तो घडत असताना मी नजर भलतीकडे लावून बसलो होतो.

आणि घरात लहान मूल सामना बघत असेल तर हा नियम त्याला उशिरा कळू द्या. त्याऐवजी डिसेंबरात एकदा मैदानावर घेऊन जा, हरणाऱ्या संघाची तिकिटं तेव्हा उतरलेली असतात. पार्किंगचा दर मात्र उतरत नाही, तेव्हा आमच्या इथे असाल तर सिकॉकस स्टेशनहून ट्रेनने जा, आणि मुलाला दोन जोड मोजे घाला.