युरोपातली स्वस्त खोली: आधी नकाशा, मग भाडं

युरोपची सहल आपली आपण आखायची, तर विमानाच्या तिकिटाखालोखाल पैसा लागतो तो मुक्कामाला. आई-बाबांना सोबत घेऊन फिरताना जे कळलं, ते सांगते.

१. व्हिसा हातात पडेपर्यंत फुकटात रद्द होणारंच बुकिंग करा. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. 'नॉन-रिफंडेबल' खोली थोडी स्वस्त असते, पण व्हिसा नाकारला की सगळे पैसे बुडतात. रद्द करण्याची शेवटची तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती वहीत लिहून ठेवा. बुकिंगच्या कागदावर बरोबरच्या सगळ्यांची नावं आहेत ना, तेही बघा.

२. भाड्याआधी नकाशा उघडा. व्हेनिसच्या कालव्यांलगतची खोली महागच पडते. मेस्त्रे स्टेशनजवळ तीच सोय बऱ्याच कमी पैशांत होते आणि लोकल गाडी दहा-बारा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनवर सोडते. व्हेनिसमध्ये २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मेस्त्रे व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत असल्याने तिथे मुक्कामी असणाऱ्यांना ते माफ आहे. मात्र 'स्टेशनजवळ' या शब्दावर जाऊ नका. बॅगा ओढत किती चालायचं, ते स्वतः मोजा.

३. शहराचा कर वेगळा असतो. रोममध्ये तो दर माणशी, दर रात्री लागतो आणि बहुतेक ठिकाणी तिथे पोचल्यावरच भरायचा असतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून भाड्याच्या १२.५ टक्के आहे. चार माणसांच्या कुटुंबाला हा आकडा जाणवतो, म्हणून दोन खोल्यांची तुलना कर धरूनच करा.

४. लिफ्टबद्दल लेखी विचारा. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांसाठी याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. तिकडे बहुतेक ठिकाणी तळमजल्याच्या वरचा तो पहिला मजला, हे आपल्यासारखंच. पण जुन्या इमारतींत लिफ्ट असली तरी ती कधी जिन्याच्या मधल्या टप्प्यावरून सुरू होते, कधी दोन माणसं आणि एक बॅग एवढीच मावते. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी 'लिफ्ट आहे का?' एवढंच विचारत नाही. 'रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती?' असं विचारते. रोमच्या एका मालकिणीने उत्तरादाखल जिन्याचा फोटोच पाठवला: संगमरवरी पायऱ्या, एका बाजूला लोखंडी कठडा, वर लिफ्टचं जाळीचं दार. तो आईला दाखवला, तिने 'एवढं चढेन मी' म्हटलं, मगच पैसे भरले.

५. अभिप्राय नव्यापासून वाचा, आणि आपण जाणार त्याच महिन्यातले. जानेवारीतला पाहुणा खोलीचं कौतुक करील. जुलैत तिथे एसी नसल्याने झोप लागत नाही, हे जुलैतलाच सांगेल. ढेकणांचा उल्लेख एकदा जरी दिसला तरी मी ती जागा सोडते.

६. स्वयंपाकघर असेल तर दोन पैसे जास्त द्या. शाकाहारी माणसाला रोज बाहेर जेवणं महागही पडतं आणि कंटाळवाणंही होतं. कुकर नसला तरी पातेल्यात मूगडाळ-तांदळाची खिचडी होते. घरगुती जागा घेताना नोंदणी क्रमांक तपासा. इटलीत २०२५ पासून तो जाहिरातीत देणं बंधनकारक आहे.

७. छोट्या जागांचं रिसेप्शन संध्याकाळीच बंद होतं आणि दाराचा कोड मोबाइलवर येतो. उशिरा पोचणार असाल तर तो आधीच मागून घ्या.

८. शेवटचं, पण अगदी कळकळीने. बुकिंग झाल्यावर हॉटेलच्या नावाने निरोप येतो: 'कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर खोली रद्द होईल.' सोबत लिंक असते. हॉटेलांची खाती हॅक करून असे निरोप पाठवले जातात, त्यामुळे ते अगदी खरे वाटतात, त्यात तुमचं नाव आणि तारखाही असतात. ती लिंक उघडू नका. हॉटेलचा नंबर स्वतः शोधा, फोन करा आणि विचारा.