ॲव्हरेज वाढवायचंय? स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

देऊळघाटहून बुलढाण्याला रोज बाईकवर माल पोचवत असाल तर हा हिशोब करा. दिवसाला 60 किलोमीटर, ॲव्हरेज 50 वरून 60 वर आलं तर रोज 200 मिली पेट्रोल वाचतं. 26 दिवसांत 5 लिटरच्या वर. सरळ नफाच की!

पण मिस्त्रीला "कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी करून दे" म्हणू नका. पेट्रोल फारच कमी झालं की इंजिन तापतं, पिक-अप जातो, पिस्टनही जाम होऊ शकतो. मग महिन्यांची बचत एका इंजिनकामात जाते.

आधी एअर फिल्टर (आपल्याकडची धूळ माहीतच आहे), टायरची हवा, चेनचा ताण बघा. चाक हाताने फिरवा, ब्रेक घासतो का कळेल. मग प्लग काढा. फिका तपकिरी असेल तर ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 बाईक बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, तिथे हा स्क्रू नसतोच.

टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, चार दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा फुल. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.