खोबरेल डोक्याला ठीक, पोटात कशाला?

थंडी पडली की आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरोघरी खोबरेलाची बाटली थिजते आणि त्याबद्दलच्या शंका दवाखान्यात येऊ लागतात. पारा 24 अंशांच्या आसपास उतरला की हे तेल घट्ट होणारच, त्यात बिघाड काही नाही. बाटली पाच मिनिटे गरम पाण्याच्या मगात उभी करा, झाले. मात्र थिजले म्हणजे शुद्ध, असेही धरून चालू नका. पामच्या बियांचे तेल मिसळले तरी ते थिजते.

हल्ली विचारणा होते ती दुसरीच. "डॉक्टर, सकाळी अनशापोटी चमचाभर खोबरेल घेतोय, चालेल ना?" मोबाइलवर कुणीतरी सांगितलेले असते की वजन उतरते, थायरॉइड ताळ्यावर येतो, विसरभोळेपणा जातो. विचारणाऱ्याचे कोलेस्टेरॉल बहुधा आधीच वाढलेले असते. माझे उत्तर सरळ आहे: नका घेऊ.

खोबरेलात जवळपास 90 टक्के संपृक्त चरबी असते, म्हणजे लोण्यापेक्षाही जास्त. एका मोठ्या चमच्यात ती सुमारे 12 ग्रॅम भरते. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी 10 टक्क्यांहून जास्त कॅलरी या चरबीतून नसाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला हा वाटा 22 ग्रॅम पडतो. त्यातला निम्मा चहाच्या आधीच संपला. दूध, तूप, फरसाण अजून बाकीच. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा 2020 मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आला. सोयाबीन, सूर्यफूल अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण 10 मिलिग्रॅमने वाढल्याचे त्यात दिसले. वजन उतरण्याचे जे प्रयोग सांगितले जातात, ते बहुतेक प्रयोगशाळेत वेगळ्या केलेल्या एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीच्या, तेलाचे आहेत. खोबरेलातला निम्मा भाग लॉरिक आम्लाचा, आणि तो शरीरात बराचसा इतर चरबीसारखाच वागतो.

"मग कोकणात खातातच की!" खातात. भात, मासे, कुळीथ यांच्या जोडीने, स्वयंपाकात. वरून औषध म्हणून पीत नाहीत. तुमच्या घरी कोकणातली सून असेल आणि माशाच्या कालवणाला ती चमचाभर खोबरेल वापरत असेल, तर खुशाल खा. पण आपल्या मराठवाड्याची करडई काय वाईट आहे? तिच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते आणि ते कोलेस्टेरॉल खाली आणायला मदत करते. भाकरी-ठेच्यावर करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, तेही मोजून, एवढे पुरे.

आता डोक्याकडे येऊ, कारण इथे खोबरेलाचा हात कुणी धरत नाही. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि मिनरल ऑइल यांची केसांवर तुलना केली. केसातले प्रथिन झिजणे फक्त खोबरेलाने कमी झाले. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचायचे. पण कारण पटण्यासारखे आहे. लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. केस पाण्याने फुगतो, वाळला की आक्रसतो आणि या ओढाताणीत तुटतो. तेल आत असेल तर फुगणे कमी. म्हणून तेल नहाण्याच्या आधी लावा, तासभर किंवा आदल्या रात्री. आपल्याकडे नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येते, मधले दिवस बोअर नाहीतर टँकर. त्या जड पाण्याने केस राठ होतात, तेव्हा हा उपाय उपयोगी पडतो.

तेलाने नवे केस मात्र उगवत नाहीत. बाळंतपणानंतर, डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके गळतात. ते बहुधा आपोआप थांबते. नाहीच थांबले तर तेल बदलत बसण्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासा. कोंड्यावर तर तेल थापूच नका. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलातल्या चरबीवरच पोसते. कपाळावर बारीक पुरळ असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींनी चेहऱ्याला खोबरेल लावू नये, छिद्रे बुजतात.

कोरड्या त्वचेला ते छान. अंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच चोळा. फिलिपिन्समध्ये 2014 साली झालेल्या चाचणीत इसब असलेल्या मुलांना मिनरल ऑइलपेक्षा व्हर्जिन खोबरेलाने जास्त आराम पडला. मधुमेह असलेल्यांनी टाचांच्या भेगांना जरूर लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत नाही. तिथे ओल राहून बुरशी होते. ताज्या भाजण्यावर तेल नको, वीस मिनिटे नळाचे साधे पाणी. आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हात खोबरेल म्हणजे सनस्क्रीन नव्हे.

बाळाच्या बाबतीत जरा कडक बोलतो. हलक्या हाताने मालिश करा, चांगलेच आहे. पण टाळूवर तेलाचा थर थापून 'टाळू भरायची' गरज नसते. कवटीची हाडे आपल्या वेळेने जुळतात. कानात थेंब सोडू नका. नाकात तर कदापि नको. तान्ह्या बाळाच्या नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. तो अँटिबायोटिकने लवकर हटत नाही, कारण आत तेलच साचलेले असते. मालिशवाल्या मावशी कितीही अनुभवी असोत, आजींचा आग्रह कितीही असो, एवढ्या एका गोष्टीला आईने ठाम नकार द्यावा. बाळाला अंघोळीनंतर ठसका लागला, धाप लागली, दूध ओढेना, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे किंवा घाटी रुग्णालयात न्या.

विकत घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. खाद्य प्रतीच्या खोबरेलावर हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक असतो. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल करासाठी खाद्यतेल धरायचे की केशतेल, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 18 डिसेंबर 2024 रोजी निकाल खाद्यतेलाच्या बाजूने लागला. सुगंधी तेलांत बऱ्याचदा मिनरल ऑइल असते. बाळासाठी ती घेऊ नका. लाकडी घाण्याचे घेणार असाल तर खोबरे बुरशी नसलेले आहे ना ते पाहा, थोडेच आणा आणि खवट वास आला की फेकून द्या.