नंबर आमचा, मोबाइल दुसऱ्याचा

2023 च्या दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते आणि पुण्याच्या एका दुकानातून आमची शेंगाचटणी परत आली. 60 पाकिटं, एकही न फोडलेलं. चटणीबद्दल तक्रार नव्हती. दुकानदारांनी फोनवर सांगितलं, "ताई, पाकिटावरचा नंबर मी सरकारी संकेतस्थळावर टाकून बघितला. मुदत संपलीय. आणि त्यात तुम्ही किरकोळ विक्रेत्या आहात, उत्पादक नाही. उद्या तपासणीला कुणी आलं तर मी काय दाखवू?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघींनी 2022 साली सोलापुरात शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं काम सुरू केलं. चटणी आम्ही उखळातच कुटतो, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत. दुकान-आस्थापनेची ऑनलाइन सूचना दिली (दहापेक्षा कमी माणसं असली की तेव्हा महाराष्ट्रात तेवढं पुरायचं), उद्यम नोंदणी केली आणि वाटलं, कागद संपले. ओळखीतल्या एका बाईंनी विचारलं, "फूड लायसन काढलंत का?" तेव्हा कळलं की खायचा जिन्नस विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी वेगळी लागते आणि महाराष्ट्रात ती अन्न व औषध प्रशासनाकडे होते. बाकीचे कागद तिची जागा घेत नाहीत.

आम्ही एक एजंट गाठला. त्याने 3,500 रुपये घेतले आणि चार दिवसांत प्रमाणपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यावरचा चौदा आकडी नंबर आम्ही उतरवून घेतला, 2,000 लेबलं छापली. प्रमाणपत्र मात्र नीट वाचलं नाही. आमची खरी चूक ही.

माल परत आल्यावर दोघी ते वाचायला बसलो. नोंदणी एकाच वर्षाची होती. व्यवसायाचा प्रकार किरकोळ विक्री. पत्ता साखर पेठेतला, आम्ही तर मार्चमध्येच काम जुळे सोलापुरात हलवलं होतं. आणि अर्जात मोबाइल व ईमेल एजंटचा. म्हणजे मुदत संपत आल्याचे संदेश त्याच्याकडे जात राहिले, ओटीपीही त्याच्याचकडे. आमच्याच नोंदणीत शिरायची सोय आम्हाला नव्हती. एजंटचा फोन लागेना. त्या नोंदणीची सरकारी फी किती होती ते ऐका: वर्षाला 100 रुपये. पाच वर्षांची घेतली असती तरी 500.

नोंदणी त्या जागेपुरतीच असते. जागा बदलली की नवी घ्यावी लागते. त्यामुळे जुनीचं नूतनीकरण करून भागलं नसतं. नवा अर्ज, नवा नंबर, उरलेली सगळी लेबलं रद्दीत. दिवाळीचा मोसम हातातून गेला तो गेलाच. जाऊबाईंनी त्या कामासाठी बचतगटातून कर्ज उचललं होतं, त्याचा हप्ता मात्र थांबला नाही. याचं दुःख मला अजून आहे.

नवा अर्ज आम्ही स्वतः केला. माझी मुलगी शेजारी बसली होती. फॉसकॉस नावाचं संकेतस्थळ आहे, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. शोधताना तसंच दिसणारी खासगी संकेतस्थळं वर येतात आणि हजारो रुपये मागतात. तिथे पैसे भरू नका. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा एवढ्यावर काम झालं. जागा भाड्याची म्हणून भाडेकरार जोडला. अर्धा दिवस लागला. सगळ्यात विचार करून भरायचा रकाना व्यवसायाच्या प्रकाराचा. तुम्ही पदार्थ घरी बनवत असाल तर तुम्ही उत्पादक. दुसऱ्याचा माल आणून विकत असाल तर विक्रेते. डबे देत असाल तर तो प्रकार आणखी वेगळा. आम्ही अर्ज केला तेव्हा वर्षाच्या 12 लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी पुरत होती, त्यापुढे परवाना. या मर्यादा आणि मुदतीचे नियम बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी तिथेच वाचून घ्या. शेजारणीने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका.

अर्ज आल्यावर सात दिवसांत अधिकाऱ्यांनी नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणी करायची, असा नियम होता. आमच्याकडे अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आले. जाऊबाईंचे हात कापत होते. पण त्यांनी विचारलं ते सगळं रास्त होतं. पाणी कुठलं, टाकी कधी धुतली? कुटायला येणाऱ्या मावशींची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होते का, टायफॉइडसारख्या आजारांची लस घेतली आहे का? शेंगदाण्याची पोती फरशीवर भिंतीला टेकून होती. ती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, म्हणाले. कारणही सांगितलं: ओल लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते, तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. खवट, काळपट दाणा निवडून काढायला सासूबाई आम्हाला का बसवायच्या, ते मला त्या दिवशी नव्याने कळलं. आता पोतं आलं की आधी निवडणं, मग भाजणं.

लेबलही अधिकाऱ्यांनीच समजावलं. घटक, वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरायची तारीख, पत्ता, हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक हे आम्हाला ठाऊक होतं. शेंगदाण्याची काहींना अ‍ॅलर्जी असते म्हणून तो वेगळा नमूद करावा लागतो, हे नव्हतं. बॅच नंबरही आम्ही टाकत नव्हतो. पुढच्याच उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाला चटणी खवट लागली. बॅच पाहून त्या दिवशी कुटलेली 22 पाकिटं आम्ही दुकानांतून परत आणली. बॅच नसती तर सगळाच माल उचलावा लागला असता, किंवा गप्प बसावं लागलं असतं, आणि ते आम्हाला जमलं नसतं. बिलावरही नोंदणी क्रमांक लिहावा लागतो, 2022 पासून ते बंधनकारक आहे.

नंबर वाचायलाही शिका. पहिला आकडा 2 असेल तर नोंदणी, 1 असेल तर परवाना. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे 15. त्यानंतरचे दोन वर्षाचे. बाहेरून शेव किंवा मसाला घेता तेव्हा त्या पाकिटावरचा नंबरही संकेतस्थळावर टाकून बघा.

एजंटकडून काम करून घेणं हा गुन्हा नाही. प्रत्येकीला संगणक येतोच असं नाही. पण अर्ज भरताना शेजारी बसा, मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा घाला, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. आणि ज्यांची नोंदणी आधीच झाली आहे त्या बहिणींनो, हे वाचून झाल्यावर तुमचं प्रमाणपत्र काढा. नाव, जागा, व्यवसायाचा प्रकार, तारीख हे चार रकाने बोट ठेवून वाचा, आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो ते आजच तपासा.