डोंगरातील स्त्री आणि जंगलाचा हक्क

शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतील धनगरवाड्यांवर सरपण, पाणी व चारा आणण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. कोणता झरा चैत्रात आटतो, कोणत्या झाडाला कोयता लावू नये, हे त्यांना पक्के ठाऊक असते. पण जाणणे वेगळे आणि निर्णयात वाटा असणे वेगळे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा वाटा दिला आहे. विवाहितांच्या हक्काची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे होते. वनहक्क समितीत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेला हजर असणाऱ्यांतही तितक्याच. अनुसूचित जमातीत नसलेल्या कुटुंबांना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे ७५ वर्षांचे, म्हणजे तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते. तिथे इतर पुराव्यासोबत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. अशा वेळी वाडीवरच्या म्हातारीची आठवण मोलाची ठरते.

हक्क कागदावर आहे. तो वापरला तरच खरा. म्हणून आपण एवढे करू या: ग्रामसभेच्या दिवशी घागर पुरुषांनी उचलावी आणि स्त्रियांनी सभेला जावे.

विचारासाठी प्रश्न: आपल्या घराच्या व जमिनीच्या कागदांवर पत्नीचे नाव आहे का?