नव्या उद्योगाच्या प्रस्तावाची प्रस्तावना कशी लिहावी?



आपल्या मुलामुलींना परीक्षेतील निबंध लिहिता येतो, नोकरीचा अर्जही लिहिता येतो. पण स्वतःचा उद्योग काढायचे ठरले की लेखणी अडते. ज्या घरात आजोबा-वडिलांनी दुकान वा कारखाना चालविला, त्या घरातील मूल हिशेबाची भाषा जेवता जेवता ऐकते. आपल्यापैकी बहुतेकजण उद्योगातील पहिली पिढी आहेत. बँकेतील साहेब आपल्या वडिलांना ओळखत नाहीत आणि बाजारपेठेत आपल्या नावाची पत अजून तयार झालेली नाही. अशा वेळी आपली ओळख करून देणारे एक साधन हाती असते, ते म्हणजे प्रकल्प अहवालाचे पहिले पान. त्यालाच प्रस्तावना म्हणतात.

येथे माझाच एक अनुभव सांगतो. पूर्वी मी छपाईच्या व्यवसायासाठी कर्ज मागितले होते. प्रस्तावनेत दोन पाने भरून घरची गरिबी आणि आईवडिलांचे कष्ट लिहिले व शेवटी 'आपली कृपादृष्टी व्हावी' अशी विनंती केली. साहेबांनी दोन्ही पाने शांतपणे वाचली आणि विचारले, "मशीन कोणते घेणार? काम कोण देणार? पैसे किती हवेत?" ही उत्तरे अहवालात कुठेतरी आत होती, पण मला ती चटकन सापडेनात. फाईल परत आली. त्या दिवशी मला राग आला. पुढे समजले की लिहिलेले सर्व खरे होते, परंतु ते प्रस्तावनेत लिहावयाचे नव्हते. कर्ज हे दान नाही, तो व्यवहार आहे. जो व्याजासह परतफेड करणार आहे, त्याने याचकाची भाषा वापरण्याचे काहीच कारण नाही.

प्रस्तावना एका पानाची असावी आणि तिने पुढील सहा प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

१. उद्योग कोणता व कोठे? मोघम 'व्यवसाय' नको. वस्तू वा सेवेचे नाव आणि गाव लिहावे.
२. चालविणारा कोण? शिक्षण, प्रशिक्षण आणि त्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव.
३. गिऱ्हाईक कोण? 'सर्वांना लागणारी वस्तू' हे उत्तर नव्हे.
४. हाच उद्योग येथेच का? आज ती गरज कशी भागते आणि त्यात उणीव कोणती?
५. एकूण खर्च किती, स्वतःचे किती, कर्ज किती?
६. परतफेड कशातून होणार?

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका ताईंना तालुक्याच्या गावी शालेय गणवेश शिवण्याचे युनिट काढायचे आहे. पहिला मसुदा असा असतो : 'आजच्या स्पर्धेच्या युगात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला गणवेश लागतो. त्यामुळे या धंद्यास प्रचंड वाव असून भरपूर नफा मिळेल. तरी कर्ज मंजूर करावे.' यातील एकही वाक्य त्या ताईंचे नाही. नाव बदलून ते कोणाच्याही अहवालात चिकटवता येईल.

तोच मजकूर असा लिहून पाहा :

'मी आयटीआयमधून शिवणकामाचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून पाच वर्षे तयार कपड्यांच्या कारखान्यात काम केले आहे. गावातील व आसपासच्या शाळांचे गणवेश आज जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात. माप चुकल्यास बदलून मिळण्यास उशीर होतो. चार शाळांनी माझ्याकडून गणवेश घेण्याची लेखी तयारी दर्शविली असून पत्रे सोबत जोडली आहेत. सहा शिलाई मशीन, ओव्हरलॉक, काज-बटण मशीन व इतर साहित्य यांसाठी ४ लाख रुपये आणि कापड व मजुरीच्या खेळत्या भांडवलासाठी ४ लाख रुपये, असा एकूण ८ लाखांचा प्रकल्प आहे. पैकी ४० हजार रुपये माझे आहेत. जूननंतर मागणी कमी होते, म्हणून उरलेल्या महिन्यांत नाईट ड्रेस व परकर शिवण्याचे नियोजन आहे.'

परतफेडीचे वाक्य आकड्यावर उभे राहिले पाहिजे. पूर्ण क्षमतेने महिन्याला ९०० जोड होतात, परंतु पहिल्या वर्षी ६० टक्केच, म्हणजे ५४० जोड धरले. इतर कपड्यांचे कामही त्याच हिशेबात बसविले. कापड व शिलाई वजा जाता जोडामागे १०० रुपये उरले, तर ५४ हजार होतात. भाडे, वीज व इतर खर्च २० हजार वजा केल्यावर ३४ हजार शिल्लक राहतात. त्यातून १७ हजारांचा हप्ता गेला तरी घरखर्चास १७ हजार उरतात. प्रस्तावनेत एवढेच लिहावे : 'साठ टक्के क्षमतेवरही हप्ता भरून रक्कम शिल्लक राहते, तपशील अमुक पानावर.' शाळा पैसे उशिरा देतात, हेही लपवू नये. त्यासाठीच खेळते भांडवल मागितले आहे, असे स्पष्ट सांगावे. अडचण स्वतःहून सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

अनुदानाविषयी दोन शब्द. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. त्यात अनुसूचित जाती-जमाती, महिला इत्यादी विशेष प्रवर्गासाठी स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के ठेवण्यात आले; २०२२ मध्ये प्रकल्प खर्चाची मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख व सेवेसाठी २० लाख करण्यात आली. नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात खात्री करावी. मात्र प्रस्तावनेची सुरुवात अनुदानाने करू नये. या योजनेतील अनुदान लगेच हाती येत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. उद्योग टिकला तरच त्याचा उपयोग. अनुदानासाठी काढलेला धंदा अनुदानाबरोबरच संपतो.

काही चुका टाळाव्यात. दुसऱ्याच्या अहवालाची नक्कल करू नये. प्रस्तावनेतील रक्कम आणि आतील कोटेशनची बेरीज यांत फरक नसावा. जुने कर्ज थकले असल्यास ते दडवू नये. सिबिल अहवालात ते दिसतेच. एजंटाकडून अहवाल टंकलिखित करून घेतला तरी प्रस्तावना स्वतःच्या शब्दांत लिहावी, कारण मुलाखतीत प्रश्न एजंटाला नव्हे, आपल्याला विचारले जातात. आणि प्रस्तावना पहिल्या पानावर असली तरी ती सर्वांत शेवटी लिहावी. आतील हिशेब पूर्ण झाल्याशिवाय पहिले पान खरे होत नाही.

स्वाध्याय : आपल्या वस्तीतील एखादा चालू व्यवसाय निवडा, पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान किंवा खानावळ. मालकाशी बोलून वरील सहा प्रश्नांची उत्तरे मिळवा आणि एका पानाची प्रस्तावना लिहा. ती घरातील कमी शिकलेल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. त्यांनी "मग पावसाळ्यात काय करणार?" असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर त्या पानावर आहे का ते पाहा. नसेल तर पान पुन्हा लिहा. बँकेत विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असतो, आणि तो घरीच ऐकलेला बरा.