नाकापेक्षा मोती जड नको गं

काल रात्री अकराला तू चाकांचे सात फोटो पाठवलेस. खरं सांगू का, झोपेत मला सगळी सारखीच दिसली! इतकी गोंधळू नकोस गं. सोयाबीन विकून गाडीचे पैसे उभे करणारी तू, चाकांना काय घाबरतेस?

आधी माझी फजिती ऐक. दिराच्या लग्नाआधी मी हौसेनं आमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीला मोठी, चकचकीत अलॉय चाकं बसवली. वरातीत कौतुक झालं. पुढच्याच पावसाळ्यात औंढ्याहून हिंगोलीला येताना पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही आणि रिमला तडाच गेला. आधीची लोखंडी असती तर ठोकून सरळ तरी झाली असती. नणंदेच्या गाडीत मागे बसून गप्प घरी आले.

बघ, तुझ्या नेक्सॉन ईव्हीच्या टायरवर 215/60 आर 16 असतं. 215 मिलिमीटर रुंदी, तिच्या 60 टक्के, म्हणजे जवळपास 13 सेंटीमीटर, रबराची उंची आणि 16 इंची रिम. चाकाची एकूण उंची तीच ठेवून 18 इंची रिम घातलीस, तर रबर अडीच सेंटीमीटरनं घटतं. खड्ड्याचा मार तेच तर झेलतं! शिवाय मोठी रिम बहुधा जडच. आजीचं जातं आठव, पहिला फेरा कसा खांद्यातून काढावा लागायचा. गाडीला प्रत्येक गतिरोधकानंतर तसाच जोर लावावा लागतो, तोही बॅटरीतून. ब्रेक लावल्यावर थोडा परत मिळतो, सगळा नाही. त्यात टायर रुंद घेतलास तर वाराही जास्त अडतो. नांदेडला आईकडे जाऊन येऊन दीडशे किलोमीटरच्या वर होतात, तिथं हे जाणवेल.

महिंद्राची बीई 6 मोठ्या चाकांवर रुबाबदार दिसते, पण ती गाडी मुळात त्याच मापानं बांधलीय. टेस्लानं तर मॉडेल 3 च्या 18 इंची चाकांवर, वारा कापायला सोपं जावं म्हणून, चक्क प्लॅस्टिकची झाकणं लावली. दिसायला जेवणाच्या ताटासारखी! तेव्हा तू 16 इंचीच ठेव, नक्षी कमी मोकळी बघ. टायर बदलशील तेव्हा तेवढंच वजन पेलणारा घे, बॅटरीनं गाडी जड असते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपास.

आणि तो काळा-चंदेरी सातवा फोटो परत पाठव बरं. 16 इंचात मिळतो का विचारू.